हळदीला घातलेला फुलाफुलांचा ड्रेस

मैत्रिणींनो, पन्नाशीला आल्यावर आज पहिल्यांदा मी मोठ्या फुलांचा ड्रेस घातला. निळ्यावर पिवळी फुलं. कापड भिवंडीतच घेतलं, गल्लीतल्या शिंप्याकडून शिवून घेतलं. ओढणी साधी, कानात छोटे मोती, बस्स. फुलं मोठी असली की बाकी सगळं गप्प ठेवायचं, एवढं मला कळतं.

हे गेल्यापासून दोन वर्षं मी फिकेच रंग घालत होते. आज अंजूरला नणंदेच्या मुलीची हळद होती. म्हटलं, आता पुरे.

मांडवात शिरले आणि पाय थबकले. सगळ्या बायका एकसारख्या पिवळ्या साडीत! आमच्याकडे हळदीला घरातल्या सगळ्या बायकांसाठी अशा साड्या एकदमच घेतात. माझ्यासाठी घेतली नव्हती.

नणंद धावत आली. "वहिनी, तू पिवळी नेसशील असं वाटलंच न्हाय गं, म्हणून तुला धरलं न्हाय. पण ड्रेस जाम भारी हाय!"

कौतुक सगळ्यांनीच केलं, खोटं कशाला बोलू. मग नणंदेने मोबाइल माझ्या हातात दिला. "आमचा सगळ्यांचा एक फोटो काढ ना."

मी तीन काढले. पहिल्या दोनांत कुणाकुणाचे डोळे मिटले होते.

घरी येऊन दोन तास झाले, ड्रेस अजून अंगावरच आहे. तिथे माझा फोटो कुणी काढला नाही. खाली टाकलाय तो कपाटाच्या आरशात मीच काढलेला.

सांगा ना, कशी दिसते?