मारियाची साक्ष

वसतिगृहाच्या भाकऱ्या थापून मारिया दुपारी घरी यायची, तेव्हा पायांत त्राण उरलेलं नसायचं. पण बसायची सोय कुठे होती? नवरा शांतवन जामखेडात गवंडीकाम करायचा. परांचीवरून पडला आणि कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून त्याला कुशीवर वळवायचं, पुसून काढायचं, चादरी धुवायच्या, सगळं तिच्याच अंगावर पडलं. मूलबाळ नव्हतं. दीर सुरुवातीला येऊन जायचा, मग तोही दिसेनासा झाला.

चर्चमधल्या बायका म्हणायच्या, "मारियाबाईंचा विश्वास लई मोठा." ते ऐकलं की ती विषय बदलायची. घरी तिची प्रार्थना कधीकधी एवढीच असायची, "देवबापा, आज माझ्याच्यानं होत न्हाई." तेवढं बोलायची आणि पदर खोचून कामाला लागायची.

एका रविवारी पाळकसाहेबांनी तिला साक्ष द्यायला उभं केलं. देवानं संकटात कसं सावरलं, ते मंडळीला सांगायचं होतं. मारिया पुढं गेली. समोर सगळी ओळखीची माणसं.

"काय सांगू? मी दमलेय," ती म्हणाली. "काल शांतवनवर वरडले. मेला असतास तर दोघंबी सुटलो असतो, असं तोंडातून गेलं. त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. मी मोरीत जाऊन रडले. देवाला म्हणलं, बघ, तुझी मारिया अशी हाय. त्यानं मला हाकललं न्हाई. मग उठले, शांतवनची माफी मागितली, त्याला जेवू घातलं. चमत्कार काय झाला न्हाई. पण तिथं मोरीत मी एकटी नव्हते. एवढीच माझी साक्ष."

कुणी 'आमेन' म्हणालं नाही. पाळकसाहेब गीतपुस्तकाची पानं चाळू लागले. मारियाला वाटलं, आपण भलतंच बोलून बसलो. शेवटचं गीत सुरू व्हायच्या आत ती बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात दानियलमामा उभे. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसणारा, कुणाशी फारसं न बोलणारा म्हातारा. हातात वस्तरा आणि साबणाची वाटी.

"मला बोलता येत न्हाई, बाई. दाढी करता येती," ते म्हणाले. "माझी बायको अंथरुणाला हुती, तवा मी कुणाला सांगितलं न्हाई अन् कुणी विचारलंबी न्हाई. तू सांगितलंस. बरं केलंस. आता जरा आडवी हो."

मामांनी शांतवनच्या गालांना फेस लावला.

"मामा, मिशी ठेवा," शांतवन म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्यानं स्वतःहून कुणाकडं काही मागितलं होतं.

मारिया चटईवर टेकली आणि तिला तिथंच झोप लागली. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं, आणि दोघं विटांच्या भावावरून हुज्जत घालत होते.

पुढं चर्चमधल्या दोघी बायका दर गुरुवारी मदतीला येऊ लागल्या. शांतवन काही उठला नाही, आणि मारियाची कंबर अजून दुखतेच. परवा ती त्याला वळवायला वाकली, तर त्यानं तिचा हात धरला.

"थांब. आधी बस जरा."

"एका कुशीवर पडून पाठीला रग लागली असंल की."

"लागू दे. बस तू."

मारिया त्याच्या खाटेच्या कडेला बसली.