उदेलालचा वस्तरा

दवनीवाड्यात उदेलालची दाढी कुणी कधी पाहिली नव्हती. एक दिवसाआड सकाळी हा माणूस अंगणातल्या कडुनिंबाला आरसा टांगायचा, बापाच्या वेळचा वस्तरा काढायचा आणि गाल गुळगुळीत करून मगच धानाच्या बांधीकडे निघायचा. गावातले बाकीचे न्हाव्यापुढे मांडी घालून बसत, हा कधी बसला नाही. "माया तोंडाले दुसऱ्याचा हात लागला नाई," असं तो सांगायचा. दर लग्नात सांगायचा, दर बैठकीत सांगायचा, ऐकणाऱ्याचे कान किटले तरी सांगायचा.

दिवाळीनंतर धान कापून हार्वेस्टर गेलं, त्याच आठवड्यात त्याला लकवा मारला, आणि तोही दाढी करतानाच. अर्धा गाल झाला होता. वस्तरा हातातून निसटून पायरीच्या दगडावर आपटला आणि त्याच्या मागोमाग उदेलाल. गोंदियाच्या दवाखान्यातून पंधरा दिवसांनी घरी आणला तेव्हा उजवा हात लोंबत होता, जीभ जड झाली होती, आणि तोंडावर पांढरं रान माजलं होतं. भिंत धरून चार पावलं टाकत होता, तेवढंच बरं. डॉक्टरनं बजावलं होतं की रोज चालवा, अंगणात फिरवा, नाही तर पायही जाईल.

पण उदेलाल खोलीचा उंबरठा ओलांडेना. कुणी भेटायला आलं की पांघरूण तोंडावर ओढून घ्यायचा. मुलगा लोकेंद्र मोबाइलवरून ट्रिमर मागवून बापाच्या गालाला लावायला गेला. उदेलालनं तो डाव्या हातानं झिडकारला. मग बसस्टँडवरचा सलूनवाला घरी आणला, तर यानं तोंड भिंतीकडे फिरवलं ते फिरवलंच, आणि बोट फळीवरच्या लाकडी डब्याकडे. सलूनवाल्यानं डब्यातला वस्तरा उघडून उजेडात धरला. धारेच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा उडून खांडवा पडला होता.

"याच्यानं लोणी नाई कापायचं जी," तो म्हणाला. "आन् हे पाजवणं आमाले येत नाई. आमी ब्लेडवाले."

नात भूमेश्वरी, तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, बावीस दिवसांवर आला होता. बिरसीहून मुलाकडचे पाहुणे येणार, आणि आजा खोलीत पांघरुणाखाली. लोकेंद्रला त्याची लाज वाटत होती. उदेलालच्या बायकोला, कुंताला, लाजेची काही पडलेली नव्हती. तिला त्या पायाची धास्ती होती. आणखी महिनाभर असाच पडून राहिला तर हा खाटेवरून उठायचा नाही, हे तिला डॉक्टरनं सांगायच्या आधीपासून कळत होतं.

धार लावणं तिला नवीन नव्हतं. हार्वेस्टर यायच्या आधी कापणीला बायांची रांग उभी राहायची, आणि निम्म्या बाया आपला इळा कुंताकडून पाजवून घ्यायच्या. तिनं तोच जुना रेताड दगड काढला, ओट्यावर बसली आणि इळ्याला लावतात तशी वस्तऱ्याची पाठ जराशी उचलून कर्रकर्र घासायला लागली. आत उदेलाल डाव्या हातानं खाटेच्या लाकडावर थापा मारत होता. बाईला वाटलं, खूश झाला. तिनं दुप्पट जोर लावला. तासाभरानं तणसाची एक काडी धारेवर धरली, काडी कचकन तुटली. अभिमानानं वस्तरा नेऊन नवऱ्याला दाखवला.

उदेलालनं धारेवरून अंगठा आडवा फिरवला आणि तो रडला. आवाज नाही, नुसतं पाणी. इतक्या वर्षांच्या संसारात कुंतानं त्याला पहिल्यांदाच रडताना पाहिलं आणि तिला त्याचा भयंकर राग आला. राग खरं तर स्वतःचा होता, पण निघाला त्याच्यावर.

"रडता कायले? मले येत नाई तं येत नाई," ती म्हणाली. वस्तरा पदरात गुंडाळला आणि तडक श्यामलालचं घर गाठलं.

श्यामलाल गावचा जुना न्हावी. वय पंच्याहत्तर, डोळ्यांत मोतीबिंदू, दहा वर्षांत कुणाच्या गालाला हात लावलेला नाही. तो उन्हात बसला होता. वस्तरा बोटांनीच चाचपून पाहिला आणि हसायला लागला. कुंता उठायच्या बेतात होती.

"बसा वयनी," तो म्हणाला. "तुमी इळा पाजवून राहिल्या होत्या. इळ्याले धानाचा बुडखा पकडाचा रायते, त्याले खरखरीत धार चालते. वस्तऱ्यानं पकडाचं नाई, नुसतं जाचं."

"तं मंग तुमीच लावून द्या ना, श्यामलालभाऊ."

"माया हात लटलट कापते आता. तुमाले शिकाचं असन तं शिकवतो. नाई तं लोकेंद्रले सांगा, लोखंडवाल्याले देऊन टाक म्हणा."

दुसऱ्या दिवसापासून कुंता सकाळचा स्वयंपाक उरकून त्याच्या अंगणात जाऊ लागली. पहिले चार दिवस नुसते खांडवा घासून काढण्यात गेले. मग श्यामलालनं फडक्यातून आपली सिल्ली काढली. न्हाव्यांचा हा दगड, काचेसारखा गुळगुळीत, मध्यभागी वापरून जरा खोलगट झालेला. वर साबणाचं पाणी शिंपडायचं. वस्तऱ्याची जाड पाठ आणि धार, दोन्ही एकदम दगडाला टेकवायची आणि धार पुढे ठेवून ढकलायचं. टोकाला गेलं की पाठीवर परतवायचं, पोळी परततात तसं, आणि उलट यायचं. ऐकायला सोपं. कुंताचं मनगट मात्र चाळीस वर्षं इळ्याला सरावलेलं. तिच्या नकळत पाठ उचलली जायची, आणि श्यामलाल डोळे मिटून बसलेला असला तरी ओरडायचा.

"उचललं. पुन्हा उचललं. आन् जोर कायले लावता? दगडाचं आन् तुमचं भांडण हाय का?"

"तुमाले दिसत नाई, तं कसं समजते?"

"आयकू येते ना. आवाज आयका."

त्या रात्री भांडी घासताना तिला एक जुना आवाज आठवला. दर रविवारी उदेलाल मागून आणलेल्या सिल्लीवर वस्तरा लावायचा, तेव्हा ओसरीतून यायचा तो. ती चुलीपाशी भाकरी थापत असायची आणि बाहेर कुणीतरी तांदूळ हळूच सुपात ओतत असल्यासारखं सुस् सुस् चाललेलं असायचं. इतकी वर्षं कानावर पडलेलं, पण कधी ऐकलेलं नव्हतं. सकाळी ती सिल्ली मागून घरी घेऊन आली, ओट्यावर बसली, डोळे मिटले आणि तो आवाज येईपर्यंत हात हलका करत गेली. कर्र आलं की थांबायची. शेवटी तिनं हातातला जोर सोडूनच दिला, वस्तऱ्याचं स्वतःचं वजन तेवढं दगडावर ठेवलं. सुस् आलं. परतवलं. सुस्.

आत खाटेवर थाप पडली नाही. तिनं मान वळवून पाहिलं, तर उदेलालनं पांघरूण तोंडावरून काढलं होतं आणि तो दाराकडे बघत होता.

आठ दिवस तिनं हेच केलं. सिल्लीनंतर श्यामलालच्या अंगणात चामड्याचा पट्टा, त्यावर धार मागे ठेवून ओढायचं. तिथंही एकदा चुकून धार पुढे गेली, पट्ट्याला चीर पडली, श्यामलालच्या शिव्या खाल्ल्या. साक्षगंधाच्या आदल्या दिवशी म्हाताऱ्यानं तिला तिच्याच डोक्यातला एक केस उपटायला लावला. केस धारेला नुसता टेकला आणि अर्धा खाली पडला. श्यामलालनं वस्तरा मिटून तिच्या हातात दिला.

"उदेलालभाऊले सांगा, श्यामलालनं पास केली," तो म्हणाला. "पण जपून वयनी. आता हे गमतीचं रायलं नाई."

साक्षगंधाच्या सकाळी कुंतानं कडुनिंबाला आरसा टांगला, खाली खुर्ची ठेवली, साबणाचा फेस केला आणि नवऱ्याला धरून उंबरठ्याबाहेर आणलं. तो आला. सतरा पावलं, तिनं मोजली. खुर्चीत बसून त्यानं डाव्या हाताची तर्जनी धारेवर टेकवली आणि लगेच उचलली. मग तळहात पसरला.

"दे," तो म्हणाला. "मीच."

तेव्हा कुंताला कळलं. वस्तऱ्याचा हट्ट नव्हताच तो, स्वतःच्या हातानं दाढी करायचा होता. डाव्या हातात जोर नव्हता, म्हणून त्याला असली धार हवी होती जिला जोर लागत नाही.

लोकेंद्र मंडपाचं काम सोडून धावत आला. "माय, नोको देऊ बाबूजीच्या हाती. गळा कापून घेतील."

पोरगा काही खोटं बोलत नव्हता, आणि ती धार तिनं स्वतः लावली होती. तिनं वस्तरा उघडला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

डावा गाल व्हायला पाऊण तास लागला. उजवा गाल लोंबता, तो त्यानं मान तिरपी करून कसाबसा आवरला. हनुवटीवर एक कापलं, त्यानं लक्ष दिलं नाही. वस्तरा जात होता, कुठं अडत नव्हता. लोकेंद्र उभा होता तो बसला. सगळं झालं, गळा राहिला. उदेलालनं वस्तरा गळ्यापर्यंत नेला आणि हात थरथरायला लागला. खाली घेतला, पुन्हा नेला. पुन्हा थरथरला.

नंतर त्यानं वस्तरा कुंतापुढे धरला, मूठ तिच्याकडे करून. मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

श्यामलालनं तिला धार लावायला शिकवली होती, दाढी करायला नाही. कुंतानं पदराला हात पुसला आणि डाव्या हातानं त्याच्या गळ्याची कातडी ताणून धरली.

"हालू नका," ती म्हणाली.

तो हालला नाही.