पहिल्या पेट्यांची हळद

नसरीनचा फोन आला तेव्हा मी पॅकिंगच्या टेबलापाशी उभी होते. "शोभाताई, अब्बा गेले," ती म्हणाली आणि मी मूर्खासारखं विचारलं, "कुठं?"... पलीकडून नुसतं रडणं आलं. त्याला आता दीड महिना झाला. तिचे अब्बा म्हणजे रशीदभाई, त्यांना अख्खं अमडापूर काटेवाले म्हणून ओळखायचं. बाजारातल्या निम्म्या दुकानांचे तराजू त्यांनीच दुरुस्त केलेले. आमच्या बचत गटाचे पुडे तपासायला मीच त्यांना बोलावून आणलं होतं आणि पुढे त्याचा पश्चात्तापही केला होता. माणूस सरळ होता, पण इतका सरळ की समोरच्याचं डोकं फिरावं.

युरोपात हळद पाठवायची आमची ती पहिलीच वेळ. अर्ध्या किलोचे पुडे. नियम रशीदभाईंनी दुपारभर बसून समजावला होता: रिकाम्या पिशवीचं वजन वजा करायचं, मालाची सरासरी छापलेल्या वजनाखाली जाऊ द्यायची नाही, मोजके पुडे थोडे हलके चालतील, पण चारशे सत्तर ग्रॅमच्या खाली एकही नको. "तिथं घेणारा घरी काटा घेऊन बसत नाही. छापलेल्यावर इमान ठेवते तो," ते म्हणायचे. मी मान डोलवली. चौदा बायकांनी या मालासाठी महिनाभर शेतातली कामं सोडली होती. माल परत आला असता तर मला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

ट्रक दारात लागला त्या दिवशी तपासणीचे पुडे मी स्वतः काढले. सगळे भरघोस! खुशीत कागद पुढे केला. रशीदभाईंनी सहीसाठी पेन उघडलं, आकडे वाचले आणि पेन बंद केलं.

"हे पुडे कोणत्या पेट्यातले?"

"समोरच्या. काऊन?"

पेटीवरची तारीख पाहून रशीदभाई पुडे भरणाऱ्या कमलबाईंकडे वळले. "पयल्या दिवसाचे पुडे एवढे जड कसे वो बाई?"

"नव्या हळदीचं पयलं माप हाये ते," कमलबाई म्हणाल्या. "मूठभर जास्त टाकाच लागते. हात आखडला तर बरकत राहत नाही."

आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. पहिलं माप शिगोशीग भरायचं, मग हात आवरायचा. समोरच्या पेट्या नेमक्या त्याच होत्या आणि मला ते सुचलंही नव्हतं.

रशीदभाईंनी पेट्यांचे नंबर चिठ्ठ्यांवर लिहून एका डब्यात टाकले. निघतील त्या पेट्या मागून, तळातून काढायला लावल्या. बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. चारशे अठ्ठ्याण्णव. चारशे एक्याण्णव. चारशे ब्याऐंशी. मग एक पुडा ठेवला आणि आकडा चारशे सहासष्टवर थांबला. त्यांनी तो उचलून पुन्हा ठेवला. चारशे सहासष्टच.

माझा तोल गेला. "तुमचं काय जाते? आमच्या बायायचं वाटोळं करून राह्यले तुमी! कोण मोजते तिथं?"

"मी मोजला ना आता," ते म्हणाले. "माल तुमचा हाये, पाठवा. पण कागदावर माही सही भेटणार नाही."

त्यांची सही अगदी साधी होती, मला सहज जमली असती. मी पेन उचललं. खोटं कशाला सांगू, टोक कागदाला टेकलंही होतं. रशीदभाई माझ्याकडे न पाहता फडक्यानं काटा पुसत राहिले. ओरडले असते तर मी चिडून सही ठोकली असती. ते ओरडले नाहीत. मी पेन ठेवलं आणि ट्रक रिकामा परत गेला.

पुढचे तीन दिवस एकेक पुडा मोजून पुन्हा भरला. मग गटाची बैठक झाली. ट्रक रिकामा गेला, तीन दिवसांचं काम वाढलं, म्हणून बायका तापलेल्या होत्या. तपासायचे पुडे कुणी निवडले होते, असं त्या दिवशी तिथं नसलेल्या एकीनं विचारलं. मी मान खाली घातली. बैठकीला आलेले रशीदभाई म्हणाले, "म्या निवडले." आणि मी... मी गप्प बसले. ज्या माणसाला वाट्टेल ते बोलले, त्याच्याच आड लपले. माल गेला, पसंत पडला, दुसरी मागणी आली, तिसरी आली. माझ्या तोंडून मात्र माफीचा शब्द निघाला नाही. पुढे ते आजारी पडले, दवाखान्यात भेटायला गेले तेव्हाही मी औषधांचंच बोलत बसले. याची मला फार लाज वाटते.

परवा बैठकीत शेवटी सांगून टाकलं. "ते पुडे मी निवडले होते. रशीदभाई माझ्यापायी खोटं बोलले."

मग कमलबाई म्हणाल्या, "आमाले ठाऊक हाये वो ताई. तिथंच तर उभे होतो आमी."

"मग बोलल्या काऊन नाही?"

"त्यायनं अडवलं. म्हणे, ताईची नियत साफ हाये, पण तिले आपला माल लय प्यारा हाये. तिले मोजू द्या, लिहू द्या, पुडे मात्र निवडू देऊ नका. तवापासून चिठ्ठ्यायचा डबा माह्यापाशी काऊन हाये, वाटते तुमाले?"

मला इतके दिवस वाटत होतं, वयानं मोठ्या म्हणून तो मान मीच त्यांना दिलाय.

आज सकाळी नवा माल भरून झाला. कमलबाईंनी डबा हलवला. नंबर निघेपर्यंत मी पेट्यांकडे पाठ करून दारात उभी राहिले. मला तसं उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं.