दुसऱ्या मजल्यावरचा डॉक्टर

भत्त्याच्या कचेरीतले कारकून तिला पाठीमागे ‘गोचीड’ म्हणायचे. तिच्या कानावर ते आलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलंही होतं.

ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात काजं-बटणं करायची. थोरला भाऊ तिच्याकडेच राहायचा. गोदामात सिमेंटची पोती वाहून त्याची छाती कामातून गेली होती. आजारपणाचा सरकारी भत्ता आणि तिची शिलाई यांवर दोघांचं कसंबसं निभत होतं. मग फेरतपासणीचं बोलावणं आलं. तपासणीची खोली कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कायमची बंद. भाऊ कठडा धरून, प्रत्येक वळणावर बसत, कसाबसा वर पोचला. डॉक्टरांनी छातीला नळीसुद्धा लावली नाही. निकाल आला: अर्जदार विनामदत जिने चढतो, सबब काम करण्यास सक्षम. भत्ता बंद.

भाऊ पुन्हा गोदामात जाऊ लागला. तिने हातापाया पडून पाहिलं, पण बहिणीच्या जिवावर बसून खाणं त्याच्या घशाखाली उतरेना. थंडी सरायच्या आत तो पोत्यांच्या थप्पीशेजारी कोसळला, तो उठलाच नाही.

दिवस-कार्य आटोपल्यावर ती तपासणीच्या दिवशी जिन्याच्या पायथ्याशी स्टूल टाकून बसायला लागली. जे धापा टाकत वर पोचत ते सक्षम ठरत. ज्यांना चढवतच नसे त्यांच्यापुढे ‘गैरहजर’ लागे. भत्ता दोघांचाही जाई. ती प्रत्येकाला आपला पत्ता द्यायची. एका वकिलाकडच्या म्हाताऱ्या टायपिस्टाने तिला अपील कसं करायचं ते शिकवलं. गुडघे गेलेला आचारी आला, फिट्स येणारी विधवा आली, मग रांगच लागली. कोण कुठल्या पायरीवर बसलं, कोणाला कोणी उचलून नेलं, याची साक्ष ती स्वतः द्यायची. अपिलात निकाल फिरू लागले. एक अपील जिंकलं की ती दोन्ही जिने चढून डॉक्टरांच्या दारात उभी राही, “अजून एक,” एवढंच म्हणे आणि परत फिरे. त्यांचा उतरलेला चेहरा पाहिला की तिला त्या दिवशी जेवण जाई.

शेवटी अपील मंडळाने डॉक्टरांनाच समोर बोलावलं. तिला बोलायची परवानगी मिळाली.

“माझा भाऊ तुमच्या दारात पोचला, तेव्हा त्याच्या ओठांचा रंग कसा होता?”

डॉक्टर म्हणाले, “मी पाहिलं नाही.”

मंडळाने त्यांना कामावरून काढलं, तपासणी तळमजल्यावर आणली आणि भावाचा निकालही चुकीचा ठरवला.

बाहेर डॉक्टरांनी तिला गाठून हात जोडले. जास्त लोकांना भत्त्यासाठी पास केलं तर माझं कंत्राट जाईल, अशी वरून तंबी होती, म्हणाले. मला माफ करा.

“वरून म्हणजे कोणाकडून?”

त्यांनी भत्ता खात्याच्या मोठ्या साहेबांचं नाव सांगितलं. ते तिने दोनदा वदवून घेतलं. मग ती घराकडे वळली.

शेजारीण म्हणाली, झालं ना आता मनासारखं, सोड की. “तो नुसता सह्या करणारा निघाला,” ती म्हणाली.

सकाळी ती मोठ्या साहेबांच्या कचेरीत गेली. शिपाई म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत, उशीर होईल. तिने दारासमोरचा बाक पदराने पुसला आणि बसली.