काउंटरवर मोडलेला गुरुवार

सासरी माझ्या गुरुवारच्या उपासाला फार मान होता. मी तो करत नव्हतो, एवढीच काय ती उणीव.

सासूबाई कोल्हापूरहून आयर्लंडला, वॉटरफोर्डमधल्या आमच्या घरी दोन महिन्यांसाठी आल्या आणि कोविडमध्ये विमानं बंद झाल्यामुळे वर्षभर अडकल्या. दर गुरुवारी पहाटे उठून त्या मला डब्यात साबुदाण्याची खिचडी देत. ती मी हॉस्पिटलमधल्या एका सहकाऱ्याला देऊन टाकी (अन्नदानच ते!) आणि जेवणाच्या सुट्टीत जवळच्या जुन्या बर्गरवाल्याच्या पार्सलच्या खिडकीशी उभा राही. लॉकडाऊनमध्ये तेवढंच सुख होतं.

पुढे आत बसून खायला परवानगी मिळाली आणि माझ्या बायकोनं, मानसीनं, नेमकं तेच दुकान निवडलं. रविवार असल्यामुळे सासूबाईही तयार झाल्या. एवढं रांगेत उभं राहण्याजोगं तिथे काही नसतं, असं मी म्हणून पाहिलं.

"तुला काय माहीत?" मानसीनं विचारलं. मी निमूट रांगेत उभा राहिलो.

आत लाकडी काउंटर, गोल उंच स्टुलं आणि समोरच चरचरणारा तवा. सासूबाईंना स्टुलावर चढवायला आम्ही दोघं लागलो. बर्गरवाला पाठमोरा होता. मी मास्क पार डोळ्यांपर्यंत ओढला. बसल्यावर तो काढायचा असतो, असं मानसीनं दोनदा सांगितलं. डॉक्टरनं काळजी घ्यायलाच हवी, असं म्हणत मी तो आणखी वर ओढला.

बर्गरवाला वळला आणि त्याचा चेहरा उजळला.

"डॉक्टर! आज संडेला कसे? थर्सडेचाच डबल ना, कांदा जास्त घालून?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वर्षभर या माणसानं मला फक्त मास्कमध्येच पाहिलं होतं! तो काढून बसलो असतो, तर त्यानं मला मुळीच ओळखलं नसतं.

सासूबाईंचं इंग्रजी बेताचं असलं, तरी वार सगळे येतात. अख्खा बर्गर त्यांनी शांतपणे संपवला. त्यांची ती पहाटेची खिचडी आठवून मला खरंच लाज वाटत होती.

बोटं पुसून त्या म्हणाल्या, "चव हाय, जावईबापू. पर देवाला फशिवण्याइतकी न्हाई."

आता त्या कोल्हापूरला परतल्यात, पण दर गुरुवारी दुपारी, माझ्या जेवणाच्या सुट्टीत, त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. मास्क खाली करून 'आ' करावा लागतो. बाकीचे दिवस मी लोकांचे घसे तपासतो. गुरुवारी माझा तपासला जातो.