हिरव्या शाईतला अभिप्राय

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय आणि खरं सांगायचं तर निम्म्यांवर हसलोय. त्याबद्दल आधीच माफी मागतो. पस्तीस वर्षं एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. जे मोजता येत नाही ते नाहीच, असा माझा खाक्या. कुणी भुताची गोष्ट रंगवायला लागलं की मी 'उंची किती होती?' असं विचारून बैठक मोडायचो. आता माझ्यावर पाळी आली आहे... तेव्हा तुम्हीही खुशाल हसा.

मी एरंडवण्यात राहतो. माझी बायको शैला शाळेत गणित शिकवायची. तिला एक खोड होती. प्रदर्शनात, दुकानात, कॅफेत, कुठेही अभिप्रायाची वही दिसली की ती पर्समधून पेपर तपासायचं हिरवं पेन काढायची, मनात असेल ते लिहायची आणि खाली दहापैकी मार्क द्यायची. सही नाही. एका पिशव्यांच्या दुकानात तिने लिहिलं होतं, 'पिशवी सुंदर. आत काही मावत नाही. दहापैकी चार.' मी शरमेने बाहेर जाऊन उभा राहायचो. सातच्या वर तिने कधी कुणाला दिले नाहीत. माझ्या स्वयंपाकाला तीन होते.

दोन वर्षांपूर्वी ती आजारी पडली आणि पाच महिन्यांत गेली. शेवटी शेवटी मी दिवसभर हॉस्पिटलमध्ये तिच्या उशाशी बसायचो. एका दुपारी ती झोपली होती. डोक्यावरचा स्कार्फ सरकला होता, एक हात चादरीवर. मला काय वाटलं कोण जाणे, मी पॅड काढलं आणि तिचं चित्र काढायला लागलो. पाऊण तास ती तसूभरही हलली नाही. हातावर माशी येऊन बसली, तरी नाही. मी पॅड मिटलं, तेव्हा तिने डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी ते चित्र आमच्या मुलीच्या, सईच्या हाती लागलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, केस गेल्यापासून आई डॉक्टरांसमोरही स्कार्फ काढत नाही. आणि तुम्ही ती झोपलेली असताना... तिला विचारलंत तरी का?"

विचारलं नव्हतं. पुढे विचारायला तोंडही झालं नाही, आणि चौथ्या दिवशी शैला गेली. चित्र फोल्डरच्या तळाशी गेलं. सई त्याबद्दल पुन्हा एक अक्षर बोलली नाही, पण आईबद्दलही माझ्यापाशी बोलेनाशी झाली. आईचा विषय निघाला की ती उठून चहा ठेवायची. मला वाटायचं, मी शैलाकडून काहीतरी चोरलंय, आणि ते परत द्यायला ती आता नाही.

वर्षभर मी घराबाहेर पडलो नाही. मग सईने फर्मान काढलं की दर शनिवारी आपल्याच भागातली एक नवी जागा बघायची. ती बाणेरहून स्कूटरवर यायची आणि आम्ही गल्ल्या धुंडाळायचो. तीस वर्षं राहून मला पत्ता नव्हता की आमच्या मागच्याच गल्लीत एक बाई जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून विकतात, एका तळघरात दोन मित्रांनी जुन्या रेकॉर्डचं दुकान थाटलंय, आणि एका कॅफेत साधी कॉफी मागितली तर काउंटरवरची मुलगी 'काका, साधी म्हणजे नक्की कुठली?' असं काळजीने विचारते. सई कॉफी पीत बसायची, मी समोरच्या दुकानाचं स्केच करायचो. दोघं हवापाण्याचं बोलायचो.

एका शनिवारी मातीच्या भांड्यांच्या दुकानात अभिप्रायाची वही चाळताना मागच्या पानांत हिरवी शाई दिसली. 'कप चांगले. कान छोटे, बोट जात नाही. दहापैकी साडेसहा.' दुकानाच्या मालकीणबाई हसून म्हणाल्या की ते वाचल्यापासून त्या कान मोठे करतात. सईने त्या ओळींवरून बोट फिरवलं, वही मिटली आणि म्हणाली, "चला, उशीर होतोय." उशीर कशालाच होत नव्हता.

प्रभात रोडच्या एका गल्लीत जुन्या बंगल्याच्या गॅरेजात मीरा नावाच्या मुलीने छोटी गॅलरी काढली आहे. माझी स्केचेस पाहून ती म्हणाली, "काका, आठवडाभर यातली बारा लावूया." मी नको नको म्हणालो, सईने हो म्हणून टाकलं. मी बारा चित्रं निवडून फोल्डरमध्ये घातली आणि फोल्डर मंडईजवळच्या शकीलभाईंकडे फ्रेमिंगला दिलं. आमच्या घरातली प्रत्येक फ्रेम त्यांच्या दुकानातली. शुक्रवारी त्यांनी फ्रेम परस्पर गॅलरीत पोचवल्या आणि मीराने त्या लावून कुलूप घातलं.

शनिवारी सकाळी साडेदहाला आम्ही दोघं पोचलो. मीराने नुकतंच शटर उघडलं होतं. सईने येताना अप्पा बळवंत चौकातून अभिप्रायासाठी नवी कोरी वही घेतली होती. तिचं प्लास्टिक मी माझ्या हाताने फाडलं, पहिलं पान उघडून वही दाराशी टेबलावर ठेवली, शेजारी निळं बॉलपेन. हे मुद्दाम सांगतोय. पान कोरं होतं.

मग आम्ही तिघं आत गेलो. समोरच्या भिंतीवर तेरावी फ्रेम होती. शैला. सरकलेला स्कार्फ, बसलेले गाल, चादरीवर हात.

शकीलभाईंना फोन लावला तर ते शांतपणे म्हणाले, "साहेब, फोल्डरमधलं सगळं करा म्हणालात, मी सगळं केलं. खरं विचाराल तर तेच सगळ्यात भारी आहे." चूक माझीच होती. तळाशी ते आहे हेच मी विसरलो होतो. सई चित्रासमोर उभी होती. मी म्हणालो, चुकून आलंय, आत्ता काढतो. ती वळली आणि दाराकडे निघाली. मला वाटलं, गेली. आता ही शनिवारचीसुद्धा यायची नाही.

ती टेबलापाशी थांबली.

"बाबा... इकडे या."

पहिल्या पानावर हिरव्या शाईत लिहिलं होतं:

'दुकानं ठीक. सरळ रेघांचा कंटाळा येतो. माझं नाक चुकलंय, हात जमलाय. आणि मी झोपले नव्हते. तुमची रेघ बिघडू नये म्हणून हलले नाही. दहापैकी आठ.'

सईने विचारलं, "तुम्ही लिहिलंत?" मी तेच तिला विचारणार होतो. पण आम्ही तिघंही पूर्ण वेळ त्या भिंतीपाशी होतो, एकमेकांच्या डोळ्यांसमोर. दार उघडं होतं, कुणी येऊन लिहून गेलं असेल म्हणा. पण ते चित्र तिथे असणार हे मला आणि सईलाच माहीत नव्हतं, आणि ते लावणाऱ्या मीराला ते कुणाचं हेही ठाऊक नव्हतं. माशी बसली तरी ती हलली नव्हती, हे तर मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. पॅड मिटताच तिने पाणी मागितलं, तेव्हा तिला जाग आली असं मी समजलो होतो. इतकी तहान लागलेली असताना ती पाऊण तास माझ्यासाठी पडून राहिली होती.

घरी येऊन शैलाचं पेन शोधलं. तिच्या कंपासपेटीतच होतं, शाई वाळून खडखडीत. तिच्या जुन्या वह्या काढून ट्रेसिंग पेपर ठेवून अक्षर ताडून पाहिलं. तंतोतंत जुळलं असतं तर कुणी गिरवलंय म्हणालो असतो. पण स्वतःचंच अक्षर जसं दर वेळी किंचित वेगळं येतं, तसं ते वेगळं होतं. माझी सगळी मोजमापं इथे संपतात. मला याचा उलगडा झालेला नाही, आणि आता मी त्यासाठी धडपडतही नाही.

त्या सकाळी सई त्या टेबलाशी बसून माझ्यासमोर पहिल्यांदा रडली. खूप रडली. मग म्हणाली, "तिला चाललं होतं, बाबा." मी भिंतीवरून चित्र काढायला उठलो तर तिने हाताला धरून बसवलं. हल्ली ते बाणेरला तिच्या हॉलमध्ये असतं, आणि शनिवारी आम्ही शैलाबद्दल इतकं बोलतो की कॉफी गार होते.

वही माझ्याकडे आहे. हिरव्या ओळींखाली, डोळे पुसून झाल्यावर, सईने निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं: 'आई, नाक बरोबर आहे. तुझं असंच होतं.'