तिसरा कौल

अठ्ठ्याण्णव साली, ऐन आंब्याच्या दिवसांत, आमचे हे कलमावरून पडले आणि मानेचं हाड मोडलं. हातपाय लाकूड झाले. रत्नागिरीच्या इस्पितळात डॉक्टरांनी कवटीला दोन्ही बाजूंनी चिमटा बसवला आणि त्याला दोरी बांधून खाटेमागे वजन सोडलं. म्हणाले, "ऑपरेशन नको. सहा आठवडे असेच उताणे राहू देत, हाड आपसूक जुळेल. त्याआधी हलवलंत तर जन्माचे लुळे."

तिसऱ्या आठवड्यात यांची बोटं हलली. मी आनंदाने रडले, खोटं कशाला बोलू! पण मी विटलेही होते. तो उकाडा, ते भांडं देणं, आणि वर यांच्या शिव्या, "मेल्ये, काढ तो चिमटा!" त्यात दीर येऊन म्हणाले, "वहिनी, तिकडे आंबा गळतोय, मी एकटा कुठे कुठे मरू? भावाला घरीच नेऊ. देवीला विचारू या."

आमच्याकडे म्हैस विकायची तरी कौल लावतात. गुरवाने देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर न्यायचं, डावी पडली तर नाही. डावी पडली. दिरांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा डावी. दीर माझ्याकडे बघायला लागले. तिथे पुरे म्हणायला माझी जीभ झडली होती काय? मी म्हटलं, "गुरवकाका, घरी नेऊन मी जिवापाड सेवा करीन, असं घाला गाऱ्हाणं." तेव्हा उजवी पडली.

डॉक्टर खूप ओरडले. शेवटी सही घेतली, चिमटा काढून गळ्याला पट्टा बांधला. हातखंब्याच्या पुढे जीप खड्ड्यात आदळली. हे एवढंच म्हणाले, "आई गं." घरी उतरवलं तेव्हा बोटं हलत नव्हती. ती पुढे कधीच हलली नाहीत.

याला आता आठ वर्षं झाली. सेवा मात्र मी करते, दात-ओठ खात करते. यांनी मला एकदाही दोष दिला नाही. पहिल्या झटक्यातच उजवी पडली, असं मी यांना सांगितलंय.

"देवीच्याच मनात होतं गो," हे म्हणतात. मग रोज दिवेलागणीला म्हणतात, "माझे हात जोड बघू तिला."

मी जोडते.